बाजारच्या दिवशीचं पाणी

लग्न होऊन सासरी आले आणि थोड्याच दिवसांत सासूबाईंनी मला आठवडी बाजारात बसायला नेलं. आमचा धंदा कपड्याचा. नवरा सोलापुरातून होलसेलमध्ये मॅक्सी, परकर, लहान पोरांची झबली, चड्ड्या असा माल आणतो आणि सासूबाई ताडपत्री अंथरून तो विकतात. पहिल्या दिवशी निघताना मी पाण्याची बाटली भरून घेतली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि परत ओट्यावर ठेवली.

"बाजारच्या दिवशी पाणी प्यायाचं न्हाय," त्या म्हणाल्या. "सकाळी कपभर च्या. मग घरी आल्यावर काय प्यायाचं ते पी."

मला वाटलं, एखाद्या देवाचं असेल काहीतरी. नव्या सुनेनं फार विचारू नये म्हणून गप्प बसले. दुपारी मात्र सगळं लख्ख कळलं. अख्ख्या बाजारात बायांना जायला जागाच नव्हती.

बाजाराच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर ते गाव रुसून बसेल आणि बाकीच्या गावांना वाटेल, चला, आपण सुटलो.

माझा स्वभाव मुळात एका जागी न बसण्याचा. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. त्यात ही अशी कोंडी. दुपार कलली की मी मांडी बदलायची, उठायची, उगाच परकरांची चळत मोडून पुन्हा लावायची. पोटात कळ यायची. एखादी बाई एका झबल्यासाठी घासाघीस करत बसली की माझं डोकं फिरायचं. "घ्यायचं तर घ्या बाई, न्हायतर पुढं जा," असं मी तोंडावर म्हणायची. सासूबाई मागून चिमटा काढायच्या. त्या स्वतः मात्र शांत बसलेल्या असायच्या, सकाळी बसल्या तशाच. मला त्यांचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा.

पूर्वी बाजारामागं एक पडीक प्लॉट होता. तिथं वेड्या बाभळी माजल्या होत्या. बाया जोडीनं जायच्या, एकीनं लुगड्याचा आडोसा धरायचा, दुसरीनं उरकायचं. काटे टोचायचे, पण सोय होती. मी यायच्या आधीच तो प्लॉट विकला गेला आणि तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स उभं राहिलं. खाली मोबाइलची दुकानं, वर कोचिंग क्लास. गावात सगळे म्हणाले, गाव सुधारलं.

पुरुषांचं काही अडलं नाही. त्यांना बाजाराची लांबलचक भिंत होती. त्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं की इथं लघवी करू नये, आणि पुरुषमंडळी ते वाचत वाचतच मोकळी व्हायची. बाजारात बसायच्या जागेची पावती मात्र बाईला आणि पुरुषाला सारखी. बाजाराच्या ठेकेदाराचा माणूस आमच्यापुढं येऊन पावती फाडायचा तेव्हा मला वाटायचं, ती त्याच्या तोंडावर फेकावी.

मग दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या टोकाला बायांसाठी स्वच्छतागृह बांधलं. गुलाबी रंग दिला, दारावर टिकली लावलेल्या बाईचं चित्र काढलं. फीत कापायला बरेच लोक आले होते, त्यांत एकही बाई बाजारात बसणारी नव्हती. फीत कापून झाली आणि त्याच संध्याकाळी दाराला कुलूप लागलं. चावी मागायला मी ठेकेदाराच्या माणसाकडं गेले, तर तो म्हणाला, चावी नगरपंचायतीच्या ऑफिसात. ऑफिसात गेले, तर शिपाई म्हणाला, चावी ठेकेदाराकडं. पुढच्या बाजारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. एकदा खिडकीच्या फटीतून मी आत डोकावले, तर आत ठेकेदाराच्या ताडपत्र्या आणि बांबू रचून ठेवलेले. नव्या कोऱ्या टाइलांवर बांबू आरामात झोपले होते.

"कशाला खामखा हिंडतीस?" सासूबाई म्हणायच्या. "आमची हयात गेली, आमी कुणाला इचारलं का?"

त्यांना सवय हा मोठेपणा वाटायचा. शेजारी बेंबळी गावची एक बाई तूर आणि हरभऱ्याची डाळ घेऊन बसायची. तिला त्या अभिमानानं सांगायच्या, "आमच्या सुनंला दम न्हाय." यावर दोघी हसायच्या आणि मी धुसफुसत चड्ड्यांच्या घड्या घालायची.

गेल्या उन्हाळ्यात एका बाजारी सासूबाई बसल्या जागी कण्हायला लागल्या. ऊन रटरटत होतं आणि त्यांना थंडी वाजत होती. मी पाठीला हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. कमरेच्या वर एका बाजूला त्यांनी मूठ दाबून धरली होती. माल तसाच डाळवाल्या बाईच्या भरवशावर टाकला आणि त्यांना धाराशिवला डॉक्टरकडं नेलं. सासूबाई अजून त्या गावाला उस्मानाबादच म्हणतात.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या. मूतखडा आहे, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग वारंवार होऊन गेलाय आणि एक किडनी खराब व्हायला लागलीय, असं त्यांनी सांगितलं. वर म्हणाल्या, "आजी, औषधापेक्षा पाणी महत्त्वाचं. दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहायचं आणि लघवी तुंबवायची नाही. नाहीतर किडनी जाईल." सासूबाईंनी मान हलवली. एसटीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "म्हंजे माजा बाजार बंद."

"धंदा मी बघते की," मी म्हणाले.

"धंद्याचं कोण बोलतंय? घरात बसून म्या काय करू? तिथं चार माणसं मला इचारत्यात."

त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मला इतका संताप आला, की समोरच्या सीटचा बार मी गच्च आवळून धरला.

पुढचे काही बाजार मी एकटीच बसले. एकटी बाई बघून शेजारचा प्लास्टिकच्या चटया विकणारा दर बाजारी आमच्या जागेत हातभर पुढं सरकायला लागला. गिऱ्हाइकं विचारायची, आजी कुठं आहेत? घरी सासूबाई पाणी प्यायच्या, औषध घ्यायच्या आणि बाजारच्या दिवशी सकाळपासून दारात उभ्या राहायच्या. संध्याकाळी आले की कोण आलं होतं, कोण काय म्हणालं, बारीकसारीक सगळं विचारायच्या. माणूस घरात असून असा झुरताना बघवत नव्हतं.

मग मी बाया गोळा करायला लागले. लसूणवाली, बांगडीवाली, मडकी विकणारी, डाळवाली, सगळ्यांना सांगितलं की आपण नगरपंचायतीच्या साहेबांना भेटू. आधी सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. "साहेबाला काय सांगायचं गं? मुतायला जागा द्या म्हणून?" लाज सगळ्यांनाच होती, पण गरजही सगळ्यांनाच होती, त्यामुळं शेवटी तयार झाल्या. सासूबाईंनी आधी साफ नाही म्हटलं. पण साहेबांकडं जायच्या बाजारी सकाळी इस्त्रीचं लुगडं नेसून माझ्याआधी तयार. "तू भांडत बसशील, म्हून येते," एवढंच म्हणाल्या.

साहेब नवीन होते, माणूस चांगला. आम्हाला बसायला खुर्च्या मागवल्या आणि शिपायाला सांगितलं, आधी यांना पाणी द्या. ट्रेमधून पाण्याचे ग्लास आले. बाहेर ऊन मरणाचं. पण आम्ही बाजारातून उठून आलेल्या, त्यामुळं एकीनंही ग्लासाला हात लावला नाही.

"बोला," साहेब म्हणाले.

मी घरी सगळं पाठ करून आले होते. आरशापुढं उभं राहून बोलून पाहिलं होतं. पण समोर टेबल, साहेब, बाजूला दोन कारकून, दारात शिपाई, सगळे पुरुष. दिवसभर बाजारात तोंड वाजवणारी मी, माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "साहेब, बाजारात बायांना लई त्रास होतो."

"उन्हाचा ना? बरोबर आहे. शेडचा प्रस्ताव टाकू आपण," ते म्हणाले आणि लिहायला लागले.

आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या! मीसुद्धा! आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. शेड मिळणार म्हणून लसूणवाली तर उठायलाही लागली.

तेवढ्यात सासूबाईंनी ट्रेमधला एक ग्लास उचलला आणि घटाघटा प्यायला. मग दुसरा. मग डाळवालीच्या पुढचा. साहेबांनी लिहिणं थांबवलं. सासूबाई पाणी पीतच राहिल्या, घोट घशाखाली उतरत नव्हता तरी. शेवटी त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"साहेब, डाक्टरनं पाणी प्या म्हून सांगितलंय. म्या पिले. आता थोड्या येळानं मला जावं लागंल. बाजारातल्या खोलीला कुलूप हाय. तर म्या कुठं जाऊ, ते तुमी सांगा. तोवर म्या हितंच बसते."

कारकून कागदात बघायला लागले आणि साहेबांचा चेहरा लाल झाला. मग डाळवाली उठली आणि म्हणाली, "शेड ऱ्हाऊ द्या साहेब, कुलूप काढा." त्यानंतर जे सगळ्यांचं तोंड सुटलं, ते कुणाला आवरेना. भिंतीचं निघालं, पावतीचं निघालं, मासिक पाळीच्या दिवसांचंसुद्धा निघालं. मी तेव्हा बोलले, आणि चांगलं बोलले.

चावी शेवटपर्यंत सापडली नाहीच. साहेब स्वतः आले आणि हातोडीनं कुलूप तोडलं. ठेकेदाराच्या माणसानं तोंड पाडून बांबू बाहेर काढले. पाण्यासाठी एक ड्रम ठेवला, झाडायला एक बाई नेमली. आम्ही रांग लावून आत गेलो आणि बाहेर येताना प्रत्येकीच्या तोंडावर हसू होतं. हसण्यासारखी गोष्ट नव्हती, पण हसू येत होतं.

पुढच्या बाजारी सासूबाई आपल्या जागेवर येऊन बसल्या. चटईवाला न सांगता मागं सरकला. गिऱ्हाइकं येत होती, आजी बऱ्या हायत का, विचारत होती. मी दोन बाटल्या भरून आणल्या होत्या. एक त्यांच्या गुडघ्याशी ठेवली, एक माझ्या पिशवीत. मध्येमध्ये मी ओरडत होते, "आत्या, पाणी प्या." त्या "व्हय, व्हय" म्हणत गिऱ्हाइकात रमलेल्या. माझंही गिऱ्हाईक चांगलं होतं.

ऊन उतरलं तेव्हा त्यांची बाटली मी उचलली. जड लागली. झाकण पिळून पाहिलं, तर सील केल्यासारखी काठोकाठ भरलेली.

माझा पारा चढला. "आता काय झालं? कुलूप निघालं ना? एवढी भांडणं केली ती कुणासाठी? परत दवाखान्यात जायचंय का?"

सासूबाई रागावल्या नाहीत, उलट ओशाळल्या.

"अगं, मुद्दाम न्हाय केलं," त्या म्हणाल्या. "मला तहानच लागत न्हाय. बाजारात बसलं की लागतच न्हाय. कदीपासून लागत न्हाय, ते बी ध्यानात न्हाय."

त्यांना दाखवावं, हे बघा, असं प्यायचं असतं, म्हणून मी पिशवीत हात घालून माझी बाटली काढली.

तीही भरलेलीच होती.