नोएमीच्या हाताखाली

आमच्या तोतोनिकापान गावच्या लहानशा इस्पितळात बाळंतपणाच्या खोलीवर ओदिलियाचंच राज्य होतं. मी तिच्याकडेच शिकले. हात सराईत, बोलणं कमी, रागसुद्धा मुका. मुख्य नर्सची जागा रिकामी झाली तेव्हा ती ओदिलियालाच मिळणार, असं आम्ही सगळ्या धरून चाललो होतो. मिळाली नोएमीला. ती वयानं पुष्कळ लहान, हसरी, राजधानीत शिकून आलेली.

तेव्हापासून व्हरांड्यात नोएमीचा आवाज आला की ओदिलियाचा जबडा आवळायचा. बायका बाळं दाखवायला नोएमीकडे जायच्या, ते तर तिला बघवायचं नाही. "हसून दाखवलं की झालं," ती मला म्हणायची. "टाके कोण घालतं, चोना?"

त्याच सुमारास डॉक्टर एस्तेर आम्हाला सराव द्यायला आल्या. प्रसंग खोटा, माणसं खरी. माझ्या कमरेला रबरी पोट आणि लाल पाण्याची पिशवी बांधून त्यांनी मला बाळंतीण केलं. बाहुलीचं बाळ बाहेर आलं, मी पिशवीचा चिमटा सोडला आणि रक्तस्राव सुरू झाला.

नोएमीचे दोन्ही हात माझ्या पोटावर. "कुणीतरी इंजेक्शन आणा!"

औषधांची ट्रॉली ओदिलियाच्या कोपराशीच होती. मी पडल्या पडल्या तिच्याकडे बघत होते. ती ट्रॉलीकडे बघत होती. हलली नाही.

"अहो, इंजेक्शन!"

शेवटी एस्तेरबाईंनी टाळी वाजवली. "थांबा. बाळंतीण गेली."

मग आम्हाला गोल बसवून त्यांनी सरावाचं केलेलं चित्रण पडद्यावर दाखवलं. ओदिलियाचं ते गप्प उभं राहणं फार लांबलचक दिसलं.

"सिस्टर ओदिलिया, हाक ऐकू आली होती?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"आली होती."

तेवढ्यात नोएमी म्हणाली, "चूक माझी आहे. 'कुणीतरी' म्हणून काय होतंय? मी नाव घ्यायला हवं होतं."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "नाव घ्यायचं. आणि जिचं नाव घेतलं तिनं ऐकलेलं मोठ्यानं परत सांगायचं."

ओदिलिया उठून तडक मागच्या अंगणात गेली. मी रबरी पोटासकट तिच्यामागे.

"बघितलंस? चांगुलपणातही हिचाच पहिला नंबर! चार शब्द सुनावले असते तर मी माफी मागितली असती."

"मग आता माग."

"नाही मागणार. आणि तू आधी ते पोट काढ."

दुपारी पुन्हा सराव झाला. "ओदिलिया, इंजेक्शन, मांडीत!" "इंजेक्शन, मांडीत," ओदिलिया दात आवळून म्हणाली. "दिलं." या खेपेला मी जगले.

पुढच्याच महिन्यात बाजाराच्या दिवशी एका बाईला बाळंतपणानंतर खरंच रक्त जायला लागलं. नोएमीनं नाव घेऊन हाक मारली. ओदिलियाचं उत्तर लगेच आलं, खणखणीत. हाक, उत्तर, हाक, उत्तर. बाई वाचली.

तिच्या सासूनं मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तामालांची टोपली आणली आणि नोएमीच्या हातात दिली.

"तिच्याच हातात का?" ओदिलिया माझ्या कानाशी पुटपुटली.

"ती दाराशी उभी होती म्हणून."

"मी काय छपरावर होते?"

नोएमीनं पहिला तामाल ओदिलियापुढे धरला. तो तिनं घेतला, खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाली.