आधी वाचून दाखवा

वकीलसाहेब गेले आणि आठ दिवसांत नगरला त्यांची शोकसभा ठेवली. मला जायचं नव्हतं. बायको असती तर तिनं ढकलून पाठवलं असतं, म्हणून गेलो. ती साहेबांच्या आधी तीन महिने गेली. तिची सभा कुणी घेतली नाही. ते बरंच झालं, हे मला त्या हॉलमध्ये बसल्यावर कळलं.

घोडेगावच्या बैलबाजाराचा दिवस होता, एस.टी. व्यापाऱ्यांनी भरलेली. उभ्यानं नगर गाठलं. हॉलात साहेबांचा फोटो होता, पण हार एवढे घातले होते की नुसता चष्मा दिसत होता. पहिला हार आमच्या साखर कारखान्याच्या चेअरमननं घातला. ह्याच माणसानं साहेबांना भर गेटसमोर ‘कारखान्याला लागलेली कीड’ म्हटलं होतं. त्याच्या शेजारी एक पुढारी. आणीबाणीत साहेब तुरुंगात होते तेव्हा हा त्यांच्या घरासमोरून जायचं टाळून लांबच्या गल्लीनं जायचा. आता ‘माझे थोरले बंधू’ म्हणून डोळे पुसत होता. मी दुसऱ्याच रांगेत होतो, साहेबांच्या घरच्यांच्या मागं. त्याचा रुमाल कोरडा होता.

घोडेगावात बैल विकणारा बैलाची खोड लपवताना जरा तरी इकडंतिकडं बघतो. ह्यांना तेवढीही लाज नव्हती. साहेब प्रेमळ होते, मवाळ होते, कुणाला दुखवत नव्हते म्हणे! मला तर ते पहिल्याच भेटीत ‘गाढवा’ म्हणाले होते. आणि बरोबर म्हणाले होते.

त्याचं असं झालं. मी आणि बायको दोघंही कारखान्यात कामाला. मी गोदामात पोती शिवायचो, ती झाडलोटीला. कामगारांनी युनियन काढली त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर टाइमकीपर कोरे कागद घेऊन आला. म्हणाला, “सवलतीच्या साखरेचे अर्ज करायचेत, खाली सह्या करा, वर मजकूर मागनं टाईप करतो.” मी चौथी पास. आमच्या पाळीत सही येणारे पाच-सहाच. अंगठेवाल्यांच्या पुढं उभं राहून मी चांगली ऐटीत, खाली रेघ ओढून सही ठोकली.

बायकोला अक्षर येत नव्हतं. तिच्यापुढं शाईचा पॅड आला तशी ती म्हणाली, “आधी वाचून दाखवा.”

“काय वाचू? कोरा हाय.”

“मग भरला की आना.”

मीच तिच्यावर खेकसलो, “लई शानी झालीस व्हय? चारचौघांत शोभा करतीस!”

“शानी न्हाई म्हनून तर इचारते,” ती म्हणाली आणि झाडू उचलून चालायला लागली.

साखर आलीच नाही. हंगाम संपला तेव्हा आमच्या प्रत्येकाच्या सही-अंगठ्याच्या वर राजीनामा टाईप झालेला होता. घरगुती कारणास्तव, स्वखुशीनं. बायकोचा राजीनामा नव्हता, तिला नुसतं तोंडी हाकललं. गेटवर बसलो तर पोलीस आले आणि बायकांना गाडीत घालून चौकीवर नेलं. तिथं युनियनचे वकील म्हणून साहेब आले. अंगानं किडकिडीत, कोटाची बाही उसवलेली. फौजदारानं सुटकेचा कागद पुढं केला तर म्हणाले, “थांबा.” मोठ्यानं वाचला. त्यात ‘आमची कसलीही तक्रार नाही’ असं होतं. तेवढं खोडायला लावलं, मग बायकांना अंगठे लावू दिले. बायकांना ते अहोजाहो करायचे. आम्हाला नाही.

सहीचा किस्सा मी सांगितला तेव्हा ते ‘गाढवा’ म्हणाले. मग वहीचा कागद काढून मला शिकवलं: सही मजकुराला खेटून करायची, आणि खाली जागा उरली तर तिरपी रेघ मारायची, म्हणजे कुणाला काही घुसडता येत नाही. प्रत्येक कागद ते आम्हाला दोनदा वाचून दाखवायचे आणि आमच्याच तोंडून काय कळलं ते वदवून घ्यायचे. बाहेर पक्षकारांची रांग लागली तरी ह्यात कधी घाई केली नाही.

कोर्टात कारखान्याच्या वकिलानं बायकोला विचारलं, “तुला वाचता येत नाही, मग कागद कोरा होता हे तुला कसं समजलं?”

“वाचता येत न्हाई सायेब, पन दिसतं की.”

न्यायाधीश हसले. आमचे साहेब हसले नाहीत. म्हणाले, “एवढंच लिहून घ्या.” वर्षं गेली, पण आम्ही सगळे परत कामावर लागलो, ते तिच्या त्या एका वाक्यावर.

ह्यातलं एक अक्षर सभेत निघालं नाही. सलोखा, सामोपचार, सहकार्य, हेच चाललं होतं. आणि मग रांगेरांगेतून एक माणूस कागद फिरवत आला. जुना टाइमकीपर! आता ऑफिसात मोठा साहेब झालेला, पोट सुटलेलं.

“जुन्या कामगारांच्या सह्या पाहिजेत, बाबा. शोकप्रस्ताव घरच्यांना द्यायचाय.”

कागद कोरा. खाली आमच्याच पाळीतल्या तिघा-चौघांच्या सह्या.

“मजकूर कुठाय?”

“मागनं टाईप करतो.”

“आधी वाचून दाखव.”

“बाबा, शोकप्रस्ताव आहे हा. राजीनामा नाही.”

“तवा साखर म्हनला हुतास.”

मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. स्टेजवरून चेअरमन म्हणाले, “बाबांना पाणी द्या, भावनाविवश झालेत.” मला तहान नव्हती. मला भीती वाटत होती. अडवायला आता बायको नाही, गाढवा म्हणायला साहेब नाहीत, आणि माझा हात आपसूक पेनाकडं गेलेला मी पाहिला होता. पाचजणांत सही करायची ती जुनी ऐट अजून मेली नव्हती.

पेन घेतलं. पण त्याच्या गठ्ठ्यातला दुसरा कोरा कागद ओढला आणि अगदी वरच्या कडेपासून लिहायला लागलो. मला वेळ लागतो. तो चुळबुळत उभा राहिला, मी राहू दिला. लिहिलं, ‘वकीलसाहेब कारखान्याच्या विरुद्ध लढले. आमच्याकडून कोऱ्या कागदावर सह्या घेऊन राजीनामे केले, ते त्यांनी कोर्टात खोटे पाडले. माझ्या बायकोनं साक्ष दिली.’ अक्षर वेडंवाकडं आलं. मग उभा राहून ते मोठ्यानं वाचलं. कुणी टाळी वाजवली नाही. शोकसभेत वाजवत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

माझ्या पाळीतला एक म्हातारा काठी टेकत उठला. टाइमकीपरच्या हातातला कागद घेऊन त्यानं आपली सही गिरगटून टाकली आणि म्हणाला, “माझी तुज्या खाली घे.”

“थांब,” मी म्हणालो, “आधी मी करतो.”

मजकुराला खेटून सही केली. खाली त्याची घेतली. मग त्याच्या सहीपासून कागदाच्या तळापर्यंत तिरपी रेघ मारली आणि कागद टाइमकीपरच्या नाही, साहेबांच्या घरच्यांच्या हातात दिला.