थापडेवर उघडणारा पडदा

पहिली थापड डाव्या गालावर. दुसरीही डाव्याच. उजवा गाल प्रेक्षकांकडं असायचा, त्याच्यावर बोटं उमटून चालणार नव्हतं.

"रड," सर म्हणायचे. "आईला आठव आणि रड."

मी सात वर्षांची. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या अंधारात उभी. डोक्यात माती. खरी माती. आमच्या गावच्या पडलेल्या घरांची पांढरी माती सरांनी पोत्यात भरून आणली होती. प्रत्येक प्रयोगाआधी ओंजळभर माझ्या केसांत चोळायचे. त्याच मातीखाली माझी आई गेली. त्या मातीला चुलीचा वास होता, सारवणाचा होता. मला रडू यायला तेवढं पुरे होतं. पण सरांना तेवढ्याचा भरवसा नव्हता. माती झाली की थापड.

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. एक दिवस लातूरहून हे सर आले. शाळेत शिक्षक, नाटकवेडे, घर सगळं शिकलेलं. शेडपुढं पोरांना रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "आईला हाक मारून दाखवा." बाकीची पोरं लाजली. मी मारली. मला वाटलं, मोठ्यानं मारली तर येईल. तीच माझी निवड. तिथंच मी बालकलाकार झाले.

नाटकात मी दगडांखाली अडकलेली पोर. वाक्य एकच: "आई, हात दे की." लातूर, रेणापूर, विष्णुपुरीचं कॉलेज, सगळीकडं प्रयोग. बाया पदरानं डोळे पुसायच्या. नांदेडच्या स्पर्धेत मला चषक मिळाला, उत्कृष्ट बालअभिनेत्री. माझ्या हातात फोटोपुरता. मग तो सरांच्या बैठकीत काचेच्या कपाटात गेला. एकदा बघायला गेले तर त्यांच्या घरच्या बाई म्हणाल्या, "आत नको येऊस. दारातूनच बघ."

अण्णांना, माझ्या बापाला, गाल दाखवला. अण्णांचा एक हात भिंतीखाली चेंगरून निकामी झालेला. म्हणाले, "सर हायत पोरी. दोन थापडानं काय मरतंय व्हय मानूस?" मरतं कशानं, हे त्यांना ठाऊक होतं.

पडद्याची दोरी दगडूमामांकडं. म्हातारा माणूस, डोळ्यांनी अधू. अंधारात सरांचा इशारा त्यांना दिसायचा नाही. एकदा पडदा उशिरा उघडला तर सरांनी सगळ्यांदेखत त्यांना शिव्या घातल्या. तेव्हापासून मामांनी कानावर काम धरलं. दुसरी थापड वाजली की दोरी ओढायची. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. पाच वर्षं आमचं नाटक असंच सुरू झालं.

"कानाला वळखू येतोय गं तुझा गाल," मामा एकदा म्हणाले. हसायला गेले, जमलं नाही.

मी बारा वर्षांची झाले तोवर सरांनी शाळा सोडून क्लास काढला होता. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास. कुठकुठल्या जिल्ह्यांतून आईबाप पोरांना आणायचे, एकेका खोलीत चौघाचौघांना कोंबायचे आणि म्हणायचे, डॉक्टर करा. प्रवेशाच्या तोंडावर सरांनी पालकांचा मेळावा ठेवला. नाटक तेच. शेवटी सर जाहीर करणार: ढिगाऱ्यातली ही पोर बारावीपर्यंत आमच्या क्लासात फुकट शिकणार. अण्णांनी शेडभर सांगितलं होतं. पोरगी डॉक्टर होनार.

प्रयोगाआधी सर म्हणाले, "हल्ली तुझं रडणं पोकळ झालंय. आज जरा जोरात लागेल. सहन कर. पुढचं आयुष्य घडेल."

पुढचं आयुष्य. म्हणजे अजून पाच वर्षं. हाच हात, हाच गाल. मार्क कमी पडलेल्या पोरांच्या बोटांवर सर डस्टर कसं हाणतात, ते मी क्लासच्या खिडकीतून पाहिलं होतं.

मी विंगेत गेले नाही. माती लावून घेतली नाही. बंद पडद्यामागं, मंचाच्या मधोमध, पुठ्ठ्याच्या दगडांत जाऊन बसले.

"ए, इकडं ये," सर विंगेतून दबक्या आवाजात.

"न्हाई येत."

"पोरी, काय करायलीस?" मामा घाबरून पुटपुटले.

सर मंचावर आले. माझे केस मुठीत धरले. पहिली थापड. दात ओठात घुसला. दुसरी येणार, हे मला माहीत होतं. दुसरी वाजली की काय होतं, तेही माहीत होतं. मी हलले नाही.

वाजली.

मामांनी दोरी ओढली.

लख्ख उजेड. सरांच्या एका मुठीत माझे केस, दुसरा हात वर. समोर खच्चून भरलेलं सभागृह.

आणि टाळ्या!

हो, टाळ्या. लोकांना वाटलं नाटक सुरू झालं. मागून एकजण ओरडला, "वा गं वाघिणी! काय ॲक्टिंग हाय!"

मी रक्त थुंकले. "ही ॲक्टिंग न्हाई. ह्यो मानूस मला पाच वर्सं मारतोय. मी रडते म्हनून तुमी रडता. मी ह्याच्या मारानं रडते."

टाळ्या विझल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "दर टायमाला मारतेत गं बाळा?"

"हाव. दोनदा."

सरांनी केस सोडले. हात जोडले. लोकांना, मला नाही. "शिस्तीशिवाय कलाकार घडत नाही," म्हणाले. "विद्यार्थीही घडत नाही."

आणि माना डोलल्या. तुम्हाला सांगते, अख्ख्या सभागृहात माना डोलल्या. माझ्या ओठातून रक्त गळत होतं आणि पालकांना सरांचं पटत होतं.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या यादीतून माझं नाव गेलं. दगडूमामांचं कामही गेलं. क्लासपुढं प्रवेशाची रांग मात्र कोपऱ्यापर्यंत. रांगेत काल मला विचारणारी ती बाई होती. सोबत माझ्याएवढीच पोरगी. बाईनं मला ओळखलं, नजर चुकवली. "मार्क पडतेत म्हनं हितं," एवढंच बोलली आणि पोरीला पुढं ढकललं.

मी डॉक्टर झाले नाही. त्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू? अण्णा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. सरांच्या थापडेचा राग आजही गालात आहे. पण त्याहून मोठा राग त्या टाळ्यांचा आहे, त्या डोलणाऱ्या मानांचा आहे.

आज लातूर-नांदेडकडं कुठंही पोरांचं नाटक असलं, क्लासचा मेळावा असला, की आम्ही तिघीचौघी मैत्रिणी जातो. खुर्च्यांवर बसत नाही. सरळ विंगेत जातो. "तुम्ही कोण?" आयोजक दरडावतात. हाकलतात. एकदा ढकलून पायऱ्यांवरून पाडलंही. आम्ही उठून पुन्हा आत जातो.

कारण पोर का रडतंय, ते खुर्चीतून दिसत नाही.

तेव्हा सर लोकहो, नीट ऐका. दोरी आता माझ्या हातात आहे. मी दुसऱ्या थापडेची वाट बघणार नाही.