सव्वीस इंची बॅरल

मी थालीपीठ खात होतो आणि मेहुणीने फॅमिली ग्रुपवर कोकराचा फोटो टाकला. जीभ नाही, शेपटी नाही, जबड्याच्या जागी नुसता लाल चिखल. माझ्या मुलीने खांद्यावरून डोकावलं, "बाबा, दॅट्स सो ग्रोस," म्हणाली आणि आपली प्लेट उचलून खोलीत गेली. मी फोन पालथा ठेवला. तरी थालीपीठ खाल्लंच, गार होत होतं. माझ्या किळसेची झेप तेवढीच.

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. ती आणि साडू शहराच्या कडेच्या स्कोफिल्ड्समधलं घर विकून डोंगरापलीकडे थोडी जमीन घेऊन राहायला गेले. साडू घरातूनच कॉम्प्युटरवर नोकरी करतो. मेंढ्या तिच्या. मेंढ्या व्यायच्या दिवसांत कोल्हा पहाटे येतो आणि मेंढी अजून कळा देत असतानाच बाहेर आलेल्या कोकराचं तोंड खातो. हे तिने मला फोनवर सांगितलं. वर म्हणाली, "भाऊजी, ते जिवंत होतं अजून. या खेपेला कोकरं वाचली नाहीत तर मेंढ्या बाजारात पाठवणार. पुढच्या वर्षी हे बघणं माझ्याच्याने व्हायचं नाही." बाजारात म्हणजे कसायाकडे, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

साडूकडे रायफल होती, रीतसर परवानाही नवरा-बायको दोघांकडे होता. पण तिची नळी, म्हणजे बॅरल, इतकी झिजलेली की गोळी स्वतःच्या मर्जीने जायची. नवी बॅरल बसवायचं ठरलं आणि साडूचा फोन आला, "साडूभाऊ, पोलादातलं आपल्याकडे तुम्हालाच कळतं."

वॉलॉंगॉंगजवळच्या कारखान्यात पोलाद तपासणं हे माझं पोट भरायचं काम, ते खरं. पण बंदूक म्हणाल तर दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुढे माझी मजल गेलेली नव्हती. हे मी साडूला सांगितलं नाही. घरातला तज्ज्ञ म्हणून कोणी बोलावलं की माझी मान आपोआप ताठ होते.

मग आम्ही दोघं बॅरल बघायला लागलो, ते अगदी मुलगी बघायला जातात तसं. उंची किती, अंगाने कशी, वर्ण कसा, घराणं कुठलं. लांब बॅरल असली की गोळीला वेग मिळतो. जाड असली की लवकर तापत नाही, थरथरत नाही. स्टेनलेसची असली की गंजाची काळजी कमी. आतल्या खाचांचा पीळ गोळीला गिरकी देतो. तो किती इंचांत एक फेरा घेतो, यावर आमचे तासन्‌तास फोन चालायचे. बायको म्हणायची, लग्नाआधी माझ्याशी एवढं बोलला नव्हतास.

एका शनिवारी दुकानात गेलो. काउंटरवर कोल्ह्यांच्या शेपट्या लटकत होत्या, धूळ बसलेल्या, ओल्या कुत्र्यासारखा वास येणाऱ्या. दुकानदार सज्जन होता. त्याने विचारलंही, नुसते ससे टिपायचे आहेत की कोल्हा? कारण जाड, जड बॅरल ही एका जागी बसून दिवसभर ससे टिपणाऱ्यांसाठी. कोल्ह्यावर एकच गोळी झाडायला मिळते, तीही बरेचदा चालता चालता, म्हणून बॅरल पेलवणारी हवी. हे सगळं मीही वाचलेलं होतं. पण साडूला लांब पल्ला हवा होता, नाल्यापलीकडच्या झाडीपर्यंतचा. आणि मला जाडच आवडली होती. तो दंडगोल, ते मशीनिंग. हातात घेतली आणि सोडवेना.

तिथेच एका गिऱ्हाईकाने आम्हाला फोनवर व्हिडिओ दाखवला. लांबवर एक ठिपका चालतोय, आवाज, आणि ठिपक्याच्या जागी लाल धुरळा. तो हसला. साडू हसला. मग मीही हसलो. गाडीत बसल्यावर तोंडात पित्त आलं, खिडकी उघडून थुंकलो. त्या माणसाची किळस आली असं मी स्वतःला पुढे बरेच दिवस सांगत होतो.

सव्वीस इंची, जाड, स्टेनलेस. ऑर्डर दिली. ती यायला आणि बसवून मिळायला महिना गेला. त्या महिन्यात ग्रुपवर आणखी फोटो आले. साडू त्याखाली रायफलवर लावायच्या दुर्बिणींच्या लिंका टाकायचा. मी अंगठा द्यायचो.

बॅरल बसून आली त्या वीकेंडला आम्ही सगळे तिकडे गेलो. साडूने व्हरांड्यात टेबल मांडलं, रायफल स्टँडवर ठेवली आणि पॅडकच्या, कुंपणातल्या कुरणाच्या, टोकाला लावलेल्या कागदावर गोळ्या झाडल्या. भोकं एकमेकांना चिकटून. आम्ही दोघांनी टाळी दिली. मेहुणी बादली घेऊन गोठ्याकडून आली. बुटाला रक्त आणि वार चिकटलेली होती. तिने बादली ठेवली, रायफल उचलली, खांद्याला लावली. नळीचं टोक हळूहळू खाली आलं.

"पहाटे कोण असतं बाहेर?" तिने विचारलं.

साडू म्हणाला, तूच असतेस, मला रात्री उशिरापर्यंत मीटिंगा असतात ना.

"आणि कोल्हा येतो कुठून?"

साडू रिकामी काडतुसं गोळा करायला लागला. तो पाण्याच्या टाकीमागून येतो, हे पहिल्या फोटोखालीच तिने लिहिलं होतं. व्हरांड्यातून टाकीमागचं काही दिसत नाही. तिथे चालत जावं लागतं आणि तिथून कोल्हा असतो अंगण ओलांडण्याइतक्या अंतरावर.

"भाऊजी," ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही दोघांनी एवढी स्थळं पाहिलीत. नांदवायची कोणी, ते विचारलंत का मला?"

माझी बायको हसली. मी बुटांकडे पाहत राहिलो, तिच्या, आणि पुन्हा किळस आली. या खेपेला कोणाची ते नीट कळत होतं.

सोमवारी मेहुणी स्वतः दुकानात गेली आणि बॅरल कापून आणली. सहा इंच उडवले, तोंड पुन्हा नीट करून घेतलं. तरी जडच होती, पण पेलायला लागली. कापलेला तुकडा तिने मला पाठवून दिला. आत पीळ बघावा तर चकचकीत, सुरेख. मी तो टीव्हीशेजारी ठेवला. बायकोने दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेऊन टाकला.

आठवड्याभराने सकाळी मेहुणीचा फोन आला. आवाज बसलेला. कोल्हा मिळाला, टाकीमागे. मादी होती. एका गोळीत गेली नाही, दुसरी जवळ जाऊन घालावी लागली. साडू फोटो काढायला धावत आला, तर तिने त्याच्या हातात फावडं दिलं.

आणि मी, पन्नाशीचा, पोरीचा बाप, विचारलं काय?

"किती मीटरवरून?"

पलीकडे मेंढ्यांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "कोकरं किती उरली ते विचारा, भाऊजी."

मी विचारलं. आकडा लहान होता. मेंढ्यांचं काय, तेही विचारलं. तिने अजून ठरवलेलं नव्हतं. बाटलीने दूध पाजायची दोन कोकरं स्वयंपाकघरात होती, त्यांना भूक लागली होती, म्हणून तिने फोन ठेवला.

मी हात धुतले, साबण लावून, दोनदा. कशाला हात लावलाच नव्हता मी.