मी आमच्या घराचा मालक शोधला

घरात काही हरवलं आणि मी शोधायला उठलो की माझ्या बायकोला आधी हसू येतं. मी नगरला एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. तिथल्या ढीगभर नटबोल्टांतून हवा तो नेमका बोल्ट मी न बघता काढून देतो, आणि घरी चष्मा कपाळावर ठेवून चष्म्यासाठी गाद्या उलटतो. तरी आईने घराचे कागद शोधायचं काम माझ्यावरच टाकलं, कारण तिला दुसरा मुलगा नाही.

घर राहुरीच्या बाजूला, धरणग्रस्तांच्या नव्या गावात आहे. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा आई नुकती लग्न होऊन आली होती. आता तिला उठताना भिंतीला हात लावावा लागतो, तरी गावाला सगळे नवंच गाव म्हणतात. दोन खोल्या, वर पत्रा, मागे थोडी मोकळी जागा. वडील आता नाहीत, आईबरोबर माझी धाकटी बहीण राहते. तिला सोनईला दिली होती. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला दिवाळीला माहेरी पाठवलं आणि न्यायला पुन्हा कुणी आलं नाही. तिने शिलाई मशीन घेतलं, आळीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवू लागली, आणि ती दिवाळी काही संपली नाही.

आईचं म्हणणं साधं होतं. आपले डोळे उघडे असताना घर लेकीच्या नावावर करायचं.

"मी आहे की," मी म्हटलं.

"तू हायेस रे. पर तुजी पोरं हायेत, उद्या सुना येत्याल. तवा हिनं कुनाकुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

मी दुखावल्यासारखा चेहरा केला, पण तिच्या बोलण्यात काही खोट काढता येईना.

मागची भिंत पडायला आली होती म्हणून बहिणीने शिलाईच्या पैशांतून विटा आणून टाकल्या होत्या. मी तिला थांबवलं. म्हटलं, आधी घर तुझ्या नावावर होऊ दे, मग स्वतःच्या घराची भिंत बांध. हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते बायकोलाही फोन करून ऐकवलं.

सुरुवातीला मी सगळा शोध मोबाईलवरच घेतला. जिल्हा निवडायचा, तालुका निवडायचा, गाव निवडायचं. आमचं गाव यादीत होतं, पण ते जुनं, पाण्याखालचं. वडिलांचं शेतही सापडलं. मालक सरकार, वर पाणी. नव्या गावठाणातल्या प्लॉटचा मात्र तिथे पत्ता नव्हता. मग दस्तनोंदणीच्या पानावर वडिलांचं नाव टाकलं. त्याच नावाआडनावाची इतकी माणसं जिल्हाभर जमिनी घेत होती, विकत होती, गहाण टाकत होती, की मला वडिलांबद्दल नव्याने आदर वाटू लागला. त्यातले आमचे कुणीच नव्हते. आमच्या वडिलांनी आयुष्यात एक सायकल विकली, तीही उधारीवर.

"सापडला का कागद?" बायको विचारायची.

"सापडेल."

"कपाळावर बघा आधी."

शेवटी रजा काढून ग्रामपंचायतीत गेलो. तिथल्या ग्रामसेवकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी घरपट्टीची आकारणी नोंदवही काढली, पानं उलटली आणि आमच्या घर नंबरावर बोट ठेवलं. वडिलांचं नाव लिहिलेलं होतं. मला इतका आनंद झाला की मी खिशातून पेढ्यासाठी पैसेच काढले.

"थांबा," भाऊसाहेब म्हणाले. "कुठल्या रकान्यात आहे ते बघा."

दोन रकाने होते. एक मालकाचा, एक भोगवटादाराचा, म्हणजे नुसता राहणाऱ्याचा. वडील दुसऱ्या रकान्यात होते. मालकाच्या रकान्यात एका परक्या माणसाचं नाव होतं, मी कधी न ऐकलेलं.

"मग इतकी वर्षं आम्ही घरपट्टी कशाची भरली?"

"राहिल्याची."

"मला हे घर बहिणीला बक्षीसपत्र करून द्यायचंय, भाऊसाहेब."

"द्या ना. पण आधी तुमचं तरी पाहिजे. दुसऱ्याची वस्तू बक्षीस देता येते व्हय?"

पुनर्वसनाच्या वेळची वाटपाची यादीही त्यांनी दाखवली. वडिलांच्या नावावर प्लॉट होता. गावाच्या टोकाला, ओढ्याच्या कडेला. तो रिकामाच पडून होता, आणि पुढे रस्ता रुंद झाला त्यात गेला. हरकत घ्यायला कुणी आलं नाही, कारण तो आपला आहे हे आमच्यात कुणाच्या ध्यानातच नव्हतं. थोडक्यात आमचं एक घर पाण्याखाली, दुसरं डांबराखाली, आणि राहतो ते तिसऱ्याचं. पैसे मी परत खिशात घातले.

घरी येऊन आईला हे सांगितलं तर ती तांदूळ निवडत म्हणाली, "त्ये व्हय? मला इचारायचं की. मोबाईलमधी काय बघत बसलास?"

"तुला माहीत होतं?"

"मला न्हाई तर कुनाला? चिठ्ठ्या टाकल्या हुत्या. आपल्याला वढ्याकडचा निघाला. मी म्हनलं, मी न्हाई जायची तिकडं. जुन्या गावात माजी चूल अन् हिची चूल, मधी एक भित. नवीन लग्नाची मी, हिच्याबिगर वळखीचं कोन हुतं मला?"

ही म्हणजे शेजारची मावशी. ती भिंतीपलीकडून आमचं सगळं ऐकत असते आणि न विचारता उत्तरं देते.

"लई रडली ती," पलीकडून आवाज आला. "जेवंना. मंग मीच माज्या शेजारच्याला म्हनलं, दे बाबा तुजा पलाट हिच्या मालकाला."

"अन् त्यानं दिला," आई म्हणाली. "त्याला तरी कुठं इथं ऱ्हायचं हुतं? सासुरवाडीला बेलापूरला निघालाच हुता. दोघांनी मारुतीपुढं बेल-भंडार उचलला. आपला त्याला, त्याचा आपल्याला."

"आणि कागद?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अश्लील विचारलं होतं. "देवापुढं झालं की रे. आळीत लई जनांनी आसंच केलं. जुन्या शेजाराला शेजार लावून घेतला."

शेजार मात्र खरोखर टिकला. दोघींनी त्या भिंतीवरून एकमेकींना जन्मभर विरजण दिलं, बाळंतपणं काढली, सुनांच्या कागाळ्या सांगितल्या. मला त्या बेल-भंडाऱ्यावर रागवायचं होतं, पण जमलं नाही.

मग मी बेलापूरला गेलो. माझी हुशारी तिथे कळसाला पोचली. तो माणूस कधीच वारला होता. चार ठिकाणी विचारून मी त्याचा नातू शोधून काढला. त्याचं पाइपांचं दुकान होतं. तिशीतला, अदबीने बोलणारा. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. मी पिशवीतून नोंदवहीचा उतारा काढला, वाटपाची यादी काढली, घराचा हाताने काढलेला नकाशा काढला आणि स्टोअरमध्ये नव्या पोरांना शिकवतो तसं सगळं समजावून सांगितलं. तुमच्या सह्या झाल्या की बास, म्हटलं.

त्याने उतारा उचलून मालकाचं नाव बोट ठेवून वाचलं.

"म्हणजे काका, हे अजून आमच्या आजोबांच्या नावावर आहे?"

"हो ना. तेच तर."

"आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. याचा फोटो काढू का?"

"फोटो कशाला, हीच ठेवा. माझ्याकडे दुसरी प्रत आहे," मी म्हटलं.

"घरात विचारतो. चुलते आहेत, आत्या आहेत."

एसटीत बसल्या बसल्या बहिणीला फोन केला. म्हटलं, माणूस फार चांगला आहे. रात्री जेवताना बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. तिने पोळी वाढता वाढता हात थांबवला.

"म्हणजे त्यांना माहीत नव्हतं, आणि तुम्ही जाऊन सांगितलंत?"

मी घास चावत राहिलो. तो बराच वेळ चावला गेला.

वकिलांकडे त्यानंतर गेलो, हेही माझ्या स्वभावाला धरूनच. ते म्हणाले, इतक्या वर्षांचा ताबा आहे, दावा टाकता येईल. मग आईचं वय विचारलं आणि पेन खाली ठेवलं. "निकाल तुमच्या मुलांना बघायला मिळेल," म्हणाले. "बेलापूरला जायच्या आधी आला असतात तर मी एकच सल्ला दिला असता. घरी बसा."

एका रविवारी तो नातू आला. गाडीतून त्याचे चुलते आणि मोजमापाची टेप घेतलेला एकजण उतरला. चुलते रस्त्यावरूनच घराकडे बघत राहिले. नातू तेवढा आत आला आणि आईच्या पाया पडला. आईने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, हुबेहूब आज्यासारखा दिसतोस म्हणाली, आणि बेल-भंडाऱ्याची हकिगत पहिल्यापासून सांगितली. त्याने ती मान हलवत ऐकली. बाहेर टेप ओढल्याचा आवाज येत होता.

"आजी, तुम्ही काळजी करू नका," तो म्हणाला. "तुम्ही आहात तोवर तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही."

"अन् ही?"

बहीण चहाचे कप घेऊन दारात उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग कपाकडे.

"त्यांचं बघू पुढं. घरात बोलावं लागेल."

जाताना तो मागच्या बाजूला गेला, विटांच्या थप्पीपाशी थांबला. "बांधकाम काढलंय का? सध्या थांबा बरं का, काका. चुलत्यांचं म्हणणं आहे." हे बोलताना त्याला खरंच संकोच वाटत होता. मी त्याला म्हटलं, हो हो, काही हरकत नाही.

गाडी गेल्यावर पलीकडून मावशीचा आवाज आला. "कोन आल्तं गं?"

"घरमालक," आई म्हणाली.

मावशी मोठ्याने हसली. आईला असं काहीबाही बोलायची खोड आहे, हे तिला जुन्या गावापासून माहीत. आई भिंतीला हात लावून उठली आणि आत जाऊन पडली. ऊन अजून दारात होतं.

बहिणीने कप विसळले. मग मागच्या दारात येऊन उभी राहिली, विटांकडे बघत.

"दादा, विटा परत घेतात का रे?"

"कुणी घेत असेल तर बघतो की," मी म्हटलं. "शोधतो."

"नको," ती म्हणाली. "तू काही शोधू नकोस."