घंटेवरचे अर्धे भोक

आमच्या शाळेची घंटा शाळेइतकीच जुनी आहे का? गेल्या एप्रिलमध्ये माझ्या नववीच्या वर्गाने हा प्रश्न सोडवायला घेतला. उत्तर मला आधीपासून ठाऊक आहे, अशी तेव्हा माझी पक्की समजूत होती.

वार्षिक परीक्षा संपते आणि निकाल महाराष्ट्र दिनाला, झेंडावंदनानंतर लागतो. मधल्या दिवसांत मी मुलांकडून इतिहासाचे छोटे प्रदर्शन करून घेते. नियम एकच असतो. वस्तू रोजच्या पाहण्यातली हवी आणि तिच्याखालच्या पाटीवर जे विधान लिहू, त्याचा आधारही तिथेच लिहायचा. त्या वर्षी वर्गाने घंटा निवडली. घंटा म्हणजे व्हरांड्याच्या तुळईला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. आता विजेची घंटा आहे, पण वीज गेली की शिपाईमामा लोखंडी दांड्याने यावरच ठोके देतात. दर जूनमध्ये तिला तांबडा रंग लागतो.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेतले वाक्य एका मुलाने वाचून दाखवले : ‘स्थापनेच्या दिवशी वाजलेली घंटा आजही वाजते आहे.’ तेच पाटीवर लिहायचे ठरत होते, तोच खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिच्या घरचा मखमलाबादकडे फुलांचा मळा आहे आणि तिचे आजोबा पूर्वी आमच्याच शाळेत शिपाई होते.

“बाई, हे चूक आहे. ही घंटा माझ्या आजोबांनी आणली. आधी पितळी थाळी होती.”

“शाळापण त्यांनीच आणली असेल, डोक्यावर घेऊन!” मागून आवाज आला.

“तुझ्या पप्पांना विचार. उशिरा आल्यावर गेटवर कोणाच्या पाया पडायचे ते,” तिने मागे वळून सुनावले.

वर्ग हसला, पण ती हसली नाही. “स्मरणिकेत छापलंय,” असे तिला तिघाचौघांनी पुन्हा पुन्हा ऐकवले, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा अधिक ताठर होत गेला. घरी रोज ऐकलेली गोष्ट सगळ्या वर्गासमोर खोटी ठरत होती. मी म्हणाले, “भांडू नका. वस्तूलाच विचारू.”

दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी घंटा खाली उतरवली. मुलांनी थिनर आणि काथ्या घेऊन रंगाचे थर काढले. रुळाच्या बाजूला उठावाची अक्षरे असतात. त्यांवरून खडू आडवा फिरवला की ती पांढरी उमटतात. तशीच उमटली, आणि शेवटी साल दिसले. ते शाळेच्या स्थापनेनंतरचे नववे वर्ष होते.

“आजोबा जिंकले!” मुलांनी एकच गलका केला.

“नाही,” मी म्हणाले. “फक्त स्मरणिका हरली. स्थापनेच्या दिवशी हा रूळ तयारच झालेला नव्हता, एवढेच सिद्ध झाले. रूळ तयार झाल्याचे साल म्हणजे तो इथे टांगल्याचे साल नव्हे.”

टांगल्याचे साल आम्हाला फोटोंत सापडले. दहावीच्या निरोपाचा फोटो दरवर्षी त्याच पायऱ्यांवर काढला जातो, पुढच्या मुलाच्या हातात सालाची पाटी असते आणि डाव्या कोपऱ्यात तुळई दिसते. मुलांनी भिंतीवरचे फोटो उतरवून जमिनीवर ओळीने मांडले. शाळेच्या सव्विसाव्या वर्षाच्या फोटोत तुळईला गोल थाळी आहे. सत्ताविसाव्या वर्षाच्या फोटोत लांबट रूळ आहे. दोन्ही फोटोंत रांगेच्या टोकाला, खाकी गणवेशात, तिचे आजोबा उभे आहेत. त्यांच्या मिशा तेव्हा काळ्याभोर होत्या.

मी समाधानाने पाटीचा मजकूर फळ्यावर लिहिला. शेवटची ओळ होती : ‘ही घंटा तेव्हाच्या शिपायांनी आणली, असे ते सांगतात.’

“बाई, ‘सांगतात’ नको. ‘आणली’ लिहा,” ती म्हणाली.

“ते तिथे होते, हे फोटोवरून कळते. आणली कोणी, हे फोटो सांगत नाही.”

“मग स्मरणिकेत ‘असे सांगतात’ का नव्हतं?”

मी खरे ते सांगितले. स्मरणिकेतला तो लेख माझाच होता. मी तेव्हा शाळेत नवी होते, लेखावर माझे नाव नव्हते. मुख्याध्यापकांनी चहा पिता पिता सांगितले आणि मी ते जसेच्या तसे लिहून दिले.

“म्हणजे सरांनी सांगितलं ते खरं, आणि आजोबा सांगतात ते नुसतं सांगतात?”

तिने आवाज चढवला नव्हता. तिचा आक्षेप रास्त होता. नियम चुकीचा नव्हता, पण तो मी एकालाच लावला होता. मी ओळ पुसली नाही, पण मुदत दिली. “आजोबांना विचार, या घंटेची अशी कोणती खूण आहे, जी वरून कोणालाच दिसत नाही? काय सांगतात ते लिहून आण. मात्र इथे काय सापडले, ते त्यांना आधी सांगू नकोस.”

तिने आणलेल्या चिठ्ठीत आजोबांचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते : “नाशिकरोडच्या भंगारातून आणली. लय जड. भोक सातपूरच्या वर्कशॉपात पाडलं. पहिल्यांदा मशीन घसरलं, म्हणून शेजारी एक अर्धंच भोक हाय. आरपार नाय.”

साखळीच्या भोकाजवळचा रंग आम्ही अजून काढलेला नव्हता. तिथे तो सर्वांत जाड होता. मी पत्र्याची पट्टी तिच्याच हातात दिली. बराच वेळ नुसती तांबडी भुकटी पडत राहिली. मग पट्टीचे टोक आत गेले आणि अडले. भोक अर्धेच होते. “डोक्यावर घेऊन” म्हणणाऱ्या मुलाने स्वतःहून बोट घालून पाहिले आणि म्हणाला, “हाय गं, हाय.”

फळ्यावरचे ‘असे ते सांगतात’ तिने स्वतः पुसले. खाली तीन आधार लिहिले : साल, फोटो, भोक. स्मरणिकेतले वाक्यही आम्ही पाटीवर ठेवले, ‘चूक’ असा शेरा देऊन.

महाराष्ट्र दिनाला आजोबा आले. नातीने पाटी मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, भोकावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, हे उघडं कशाला ठेवलं? पावसाळ्यात गंजंल ना. रंग लावून घ्या.”

जूनमध्ये तसा रंग लावला. आता ते भोक पुन्हा झाकले गेले आहे आणि तुमच्या हाती केवळ माझे म्हणणे उरले आहे. माझे म्हणणे पूर्वी एकदा छापून आले होते आणि ते चुकीचे होते. म्हणून वाचकांना विनंती आहे की, हे माझ्या शब्दावर मानू नये. घंटा तुळईलाच आहे, फोटो व्हरांड्यात आहेत. कधी आलात, तर आपण स्वतः तपासून पाहावे.