एका मोबाइलवर त्रेसष्ट मतदार

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण उदगीरचं ते प्रकरण आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

गावात इंटरनेट पुरवणारी एक सहकारी संस्था होती. कुठल्या गल्लीत तार टाकायची, कुणाची दुरुस्ती आधी करायची, हे तिचं संचालक मंडळ ठरवी. त्या वर्षी मंडळाच्या निवडणुकीत पहिल्यांदाच गावातल्या सगळ्यांना मतदान खुलं केलं होतं, आणि नोंदणी फक्त ऑनलाइन. वेबसाइट चालायची कमी, गोल गोल फिरायची जास्त. नाव भरल्यावर मोबाइलवर ओटीपी यायचा, तोही त्याच्या मर्जीने.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी सकाळी एका पॅनलच्या उमेदवाराने खबर दिली. एका मोबाइल नंबरवर त्रेसष्ट नावं! यादी पाहिली, तर खरंच. नंबर शिलाईकाम करणाऱ्या एका बाईंचा. सगळी गल्ली त्यांना आपा म्हणायची. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, आपण घरी जायचं असतं, हा कायदा मला पाठ होता. तरी बोलावलं.

"ही त्रेसष्ट माणसं कुठून आणली?"

"आणली न्हाईत साहेब, गल्लीतल्याच बाया हायत. घरातला फोन मर्दाकडं, अन् मर्द कामाला हैदराबादला. म्हणून माझा नंबर दिला. आमची लाइन महिना महिना बंद ऱ्हाते, पोरांचे फारम भरायचे राहतात, कुणी इचारत न्हाई. मत असलं तर इचारतील."

"मग फोन कशाला एवढा घट्ट धरलाय?"

"ओटीपी यायचेत. सांजंपर्यंत भरले न्हाईत तर सगळी नावं जातेत. आजचा दिस ठेवू द्या साहेब, उद्या तुमचाच."

असल्या विनवण्या मी नोकरीभर ऐकल्या होत्या. पंचनामा केला, फोन बंद करून सील मारलं आणि मुद्देमालात जमा केला.

दुसऱ्या दिवशी हवालदार यादी घेऊन त्या गल्लीत घरोघर फिरून आले. जुना माणूस, कमी बोलणारा. "साहेब, त्रेसष्टच्या त्रेसष्ट खऱ्या हायत. आता खबर देणाऱ्याच्या पॅनलनं नोंदवलेल्या मतदारांची यादी बघावी म्हणतो."

त्या पॅनलची यादी कशी चकचकीत! एक माणूस, एक नंबर, कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण नंबरांची माहिती मागवली, तर सगळी सिमकार्डं बसस्टँडजवळच्या एकाच टपरीवरची. टपरीवाल्याला उचलला. "मला काय ठावं" हे त्याने तासभर लावून धरलं. मग हवालदारांनी यादीतला एक नंबर फिरवला आणि टपरीतून आणलेल्या खोक्यात फोन वाजला. दुसरा फिरवला, तोही खोक्यातच. टपरीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मशीनवर गिऱ्हाइकाचा अंगठा लागला, तरी लागला न्हाई म्हणायचं," तो सांगू लागला. "परत लावला की त्याच्या नावावर अजून एक कार्ड निघतं."

"किती जणांना फसवलंस रे?"

तो खाली बघत म्हणाला, "रागावू नका साहेब. तुमचंबी हाय त्यात."

मी यादी ओढून घेतली. माझं पूर्ण नाव, क्वार्टरचा पत्ता, नोंदणी पक्की! वर्षभरापूर्वी त्याच टपरीवर मी कार्ड घेतलं होतं आणि निमूटपणे दोनदा अंगठा लावला होता.

गुन्हा दाखल केला. निवडणूक कचेरीत गेलो, तर उत्तर मिळालं, "तारीख गेली, सिस्टिम बंद झाली. आता नवीन नाव घालता येत नाही, आणि पक्कं झालेलं नाव कोर्टाच्या हुकमाशिवाय काढता येत नाही."

फोन सोडवून मी स्वतः आपांच्या घरी गेलो. दारात बाया जमल्या होत्या. फोन चालू केला आणि अडकलेले ओटीपी एकामागून एक येऊ लागले. वाजायचं थांबेचना. आपांनी आवाज चढवला नाही. "साहेब," त्या म्हणाल्या, "आता हे कुणाकुणाला वाटू?"

मान खाली घालून जीपमध्ये बसलो.

कागद खोटं बोलत नाही, असं आम्ही नव्या शिपायांना शिकवायचो. चोराचा कागद गरिबाच्या कागदापेक्षा नेहमी नीटनेटका असतो, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं, पण फार उशिरा. त्या निवडणुकीत गल्लीतल्या एकाही बाईला मत नव्हतं. मला होतं.